बारदान

(कोन गाव, कल्याण रोडला लागून केसरीनाथचं गॅरेज. शुक्रवारची सकाळ. शर्यतीसाठी तयार केलेली एक जुनी झेन मोटार, चार चाकांखाली चार वजनकाटे. आसावरी ड्रायव्हरच्या सीटवर. तिचे वडील भाऊ, निवृत्त गणितशिक्षक, बाहेर वही घेऊन उभे.)

केसरीनाथ : पाय हालवू नको ना ताई. आकडा ठरत न्हाय.

आसावरी : मी नाही हलवत, दादा. तो आपोआप हलतोय.

केसरीनाथ : मंग दाबून धर.

आसावरी : धरलाय. दोन्ही हातांनी धरलाय.

भाऊ : तिला उतरू दे, केसरीनाथ. तीन महिन्यांनी बसलीय त्या गाडीत. दुसऱ्या कुणाला बसव.

केसरीनाथ : कोनाला बसवू, सर? मी बसलो तर काटा रडंल. चालवणाऱ्याचं वजन सीटवर पायजे, तरच चार चाकांवर किती-किती भार येतो त्ये खरं कळतं. घेणारा विशाल पन तिच्याच अंगाचा हाय, अठ्ठावन-साठ. वजनाचा कागद बघितल्याशिवाय गाडी उचलनार न्हाय बोललाय.

भाऊ : किती वाजता येतोय?

केसरीनाथ : अकराला.

भाऊ : येऊ दे. नेऊ दे. एकदाचा विषय संपू दे.

आसावरी : भाऊ, रिक्षातसुद्धा तुम्ही हेच बोलत होतात.

भाऊ : मग काय बोलू? मुलीचा फोन येतो, ‘भाऊ, मी ठीक आहे, ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली’. त्या दिवसापासून माझी झोप उडालीय. तुला काय त्याचं?

केसरीनाथ : घ्या, ठरला! सर, लिवा. पुढचं डावं दोनशे सव्वीस.

भाऊ : दोनशे सव्वीस.

केसरीनाथ : पुढचं उजवं एकशे शहाऐंशी. मागचं डावं एकशे अडतीस. मागचं उजवं दीडशे. झालं. उतर, ताई.

आसावरी : दार उघडत नाहीये.

केसरीनाथ : थांब, भायेरून खेचतो. जरा बसलंय त्ये. हां. अगं, केवढी घामाघूम झालीस!

आसावरी : पाणी द्या जरा.

भाऊ : एकूण सातशे किलो.

केसरीनाथ : बरोब्बर. मागल्या टायमाला, रेसच्या आधी, पन सातशेच. टाकीत पेट्रोल तेवढंच, हवा तेवढीच. त्या भिंतीवर खडूनं लिवलंय, बघा.

भाऊ : पुढचं डावं दोनशे, उजवं दोनशे बारा. मागचं डावं एकशे अडतीस, उजवं दीडशे. खाली ‘ओके’.

केसरीनाथ : ओकेच व्हती. तिरक्या जोड्या जुळल्या पायजेत, सर. पुढचं डावं नि मागचं उजवं मिळून साडेतीनशे, दुसरी जोडी पन साडेतीनशे. मंग गाडी डाव्या-उजव्या वळनाला सारखी वागते. आता बघा, एक जोडी तीनशे शहात्तर नि दुसरी तीनशे चोवीस. भिंतीला ठोकली तवा स्प्रिंगची बैठक सरकली आसंल. पाना लावतो, जुळवतो. अर्ध्या तासाचं काम.

आसावरी : म्हणजे तेही मीच बिघडवलं.

केसरीनाथ : तसं न्हाय गं.

आसावरी : तसंच आहे. तुम्हीच म्हणालात ना तेव्हा, वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय उचललास म्हणून गाडीची शेपूट सुटली. सगळ्यांसमोर म्हणालात. मला आठवत नाही, दादा. मी रोज रात्री डोळे मिटून ते वळण घेते आणि मला माझा पाय आठवत नाही. उचलला असेल. सगळे म्हणतात तर उचलला असेल.

केसरीनाथ : पहिला सीझन व्हता तुझा. होतं.

आसावरी : मी तुम्हाला फोन करून सांगितलं होतं. उजव्या वळणाला नाक बाहेर जातंय, डाव्याला मागचा भाग सुटतोय. तुम्ही काय म्हणालात? गाडी ओके हाय, तू हात बसव.

केसरीनाथ : वजन जुळलं व्हतं ताई. भिंतीवर लिवलंय ना समोर. मी काय खोटं बोलू?

भाऊ : केसरीनाथ, स्प्रिंगला कुणी हात लावलाय का मधे?

केसरीनाथ : न्हाय. बंपर बदलला, पत्रा ठोकला. आजूबाजूला फिरवून आनली तेवढीच. स्प्रिंगला मी रंगाची निशानी केलेली हाय, ती जागच्या जागी हाय... आयला. जागच्या जागीच हाय की.

भाऊ : आणि स्प्रिंग सरकली, तर चारांपैकी किती आकडे बदलतात?

केसरीनाथ : चारी. एक कोपरा उचलला की त्याच्या तिरक्यातला पन भार घेतो. बाकीचे दोन हलके होतात.

भाऊ : हं.

केसरीनाथ : काय झालं?

भाऊ : काही नाही. लाव तू पाना. अकराला तो येईल.

आसावरी : भाऊ.

भाऊ : काय?

आसावरी : तुम्ही पेनाला टोपण लावलंत.

भाऊ : लिहून झालं म्हणून लावलं.

आसावरी : नाही. पेपर तपासताना उत्तर सापडलं की तुम्ही टोपण लावता. लहानपणापासून बघतेय मी. काय सापडलं?

भाऊ : आसू, गाडी जातेय ना? जाऊ दे ना.

आसावरी : काय सापडलं, भाऊ?

भाऊ : मला नको होतं सापडायला.

केसरीनाथ : सर, बोला की. पाना लावू का नको?

भाऊ : मागची दोन्ही चाकं होती तिथेच आहेत. किलोभरही फरक नाही. पुढचं डावं सव्वीसनं वाढलं, पुढचं उजवं सव्वीसनंच कमी झालं. पंचवीस नाही, सत्तावीस नाही. लोखंड वाकलं, रबर दबलं, तर इतकं मोजूनमापून दबत नाही. केसरीनाथ, मागच्या वेळी हे काटे याच जागांवर होते?

केसरीनाथ : आता त्ये कोन बघतो? टेंपोतून उतरले तसे सारले चाकाखाली. चारी सारखेच हायत.

भाऊ : सारखे दिसतात. कुठून आणलेस?

केसरीनाथ : मेव्हन्याकडून. चंद्राचं कामतघरला सुताचं गोदाम हाय. शुक्रवारी लूम बंद, गोदाम बंद, म्हनून शुक्रवारीच मागतो. पन सर, मी तपासतो हां. रिकामे ठेवून शून्य बघतो. वर वीस किलोचं माप ठेवतो. चारी काटे वीस दाखवतात. आज सकाळी पन दाखवले.

भाऊ : वीस किलोला बरोबर आहेत. दोनशेला आहेत का?

केसरीनाथ : दोनशेचं माप कुठनं आनू?

भाऊ : तुझं वजन किती?

केसरीनाथ : अठ्ठ्याऐंशी.

भाऊ : माझं एकाहत्तर. ये. गाडी खाली घे आणि ये माझ्याबरोबर.

केसरीनाथ : दोघं? एका काट्यावर?

भाऊ : नववीत बेंचवर तिघं बसायचात. ये.

केसरीनाथ : सर, पडाल. धरा मला. खांद्याला धरा, शर्टाला ग्रीस हाय.

आसावरी : हलू नका दोघं. एकशे एकोणसाठ.

भाऊ : बरोबर. पुढचा.

आसावरी : एकशे एकोणसाठ.

भाऊ : पुढचा. केसरीनाथ, श्वास रोखू नकोस, वजन कमी होत नाही त्यानं.

आसावरी : एकशे एकोणसाठ.

भाऊ : आता हा. आज उजव्या पुढच्या चाकाखाली होता तो.

केसरीनाथ : सांग, ताई. किती?

भाऊ : आसू, किती?

आसावरी : एकशे तेहतीस.

केसरीनाथ : परत बघ.

आसावरी : एकशे तेहतीस, दादा.

केसरीनाथ : सर, उतरा तुम्ही. मी एकटा राहतो. आता?

आसावरी : अठ्ठ्याऐंशी.

केसरीनाथ : बघा! एकट्याला बरोबर दाखवतो! शंभरच्या आत बरोबर, नि वर... थांबा. फोन लावतो. हॅलो, मुनीमजी? केसरीनाथ बोल रहा हूँ, कोन से. वो अपना चार काँटा लाया ना मैं, उसमें एक के ऊपर लाल टेप है... हां, वही. उसमें कुछ सेटिंग किया है क्या?... क्या कटता है?... कितना?... अपने आप?... कब से?... नहीं, नहीं, कुछ नहीं हुआ. रखता हूँ.

आसावरी : काय म्हणाले?

केसरीनाथ : बारदान.

आसावरी : म्हणजे?

भाऊ : मालाबरोबर जे गोणी, खोकं, लाकडी फळी असं काट्यावर चढतं त्याचं वजन. ते वजा करून माल मोजतात.

केसरीनाथ : सूत लाकडी पॅलेटवर रचून येतं. पॅलेट सव्वीस किलोचं. हमाल दरवेळी बटन दाबायला विसरतात, म्हनून त्या एका काट्याला सेटिंग करून घेतलंय. शंभरच्या वर वजन चढलं की त्यो स्वतःच सव्वीस कापतो. दिवाळीच्या आधीपासून.

आसावरी : दिवाळीच्या आधीपासून. म्हणजे मी ट्रॅकवर गेले तेव्हा...

केसरीनाथ : तवा त्यो डाव्या पुढच्या चाकाखाली व्हता. दोनशे दाखवला, व्हते दोनशे सव्वीस. त्या खोट्या दोनशेला धरून मी बाकीच्या स्प्रिंगा फिरवल्या, ओके लिवलं. तुझी गाडी तीन पायांच्या खुर्चीवर बसवून पाठवली मी, ताई.

आसावरी : आणि डाव्या वळणाला मागचा भाग...

केसरीनाथ : सुटनारच. उजव्याला नाक जानारच. तू फोनवर जसं बोललीस, तसंच्या तसं. मी ऐकलं न्हाय.

आसावरी : तीन महिने, दादा. तीन महिने मी स्वतःच्या पायावर संशय घेतलाय. ऑफिसला जाताना स्कूटीवर वळण आलं की पाय टेकवते मी, लोक मागून हॉर्न मारतात. कळतंय का तुम्हाला?

केसरीनाथ : कळतंय.

आसावरी : नाही कळत!

भाऊ : आसू, बस जरा. खाली बस.

आसावरी : मग माझी काहीच चूक नव्हती? सांगा ना. नव्हतीच?

केसरीनाथ : खोटं न्हाय बोलनार आता. पाय उचलला का न्हाय त्ये मी बघितलं न्हाय, काटा पन सांगत न्हाय. गाडी चुकीची व्हती, एवढं पक्कं. नि ती चुकी माझी. मी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं, तर सगळ्यांसमोर माझं घेईन.

भाऊ : आणि आज पाना लावला असतास तर?

केसरीनाथ : तर आज उजव्या पुढच्याचे सव्वीस खोटे धरले असते. उलट्या बाजूनं बिघडवून विशालच्या हातात दिली असती. परवा रविवारी त्यो ट्रॅकवर जानार हाय हीच गाडी घेऊन. सर, हा पाना घ्या माझ्याकडनं.

भाऊ : दे. जरा वेळ राहू दे माझ्याकडे.

आसावरी : भाऊ, तुम्ही गप्प राहिला असतात तर...

भाऊ : राहिलोच होतो. मिनिटभर राहिलो. तो विशाल माझ्या मनातही आला नव्हता, लाज वाटते सांगायला. मी एवढंच मनात म्हटलं, गाडी जाईल, मुलगी घरी राहील, मला झोप लागेल. सव्वीस किलोंशी मला काय करायचंय? मग तू टोपणाचं बोललीस.

आसावरी : तुम्ही खोटं सांगू शकला असतात.

भाऊ : तुला? तू तर लगेच पकडतेस.

केसरीनाथ : ताई, तुझा फोन वाजतोय.

आसावरी : विशाल. तुम्ही घ्या, दादा. मला नाही बोलता येणार.

केसरीनाथ : दे. हां, विशाल, केसरीनाथ बोलतो. कुठपर्यंत आलास?... दुर्गाडीच्या पुलावर? मंग यू-टर्न मार. न्हाय, भाव वाढवायचा प्रश्न न्हाय. माझा काटा चुकीचा व्हता. मागल्या टायमाला गाडी मी चुकीची बसवली व्हती, ताईनं न्हाय ठोकली ती. हां, तूच सांग रेसवाल्यांच्या ग्रुपवर, माझं नाव घालून सांग... विकायची का न्हाय? थांब. ताई, काय सांगू?

आसावरी : गाडीची किल्ली द्या इकडे.

केसरीनाथ : ताई?

आसावरी : नाही विकत.

केसरीनाथ : न्हाय विकत बोलते. ठेव.

भाऊ : घाईत बोललीस का?

आसावरी : माहीत नाही. मला अजून भीती वाटतेय, भाऊ. आता पाय माझा नसेलही चुकलेला, तरी तो आत बसल्यावर थरथरतोच आहे. चूक माझी होती तोवर सोपं होतं, गाडी विकली की झालं. आता परत त्या वळणाला जाऊन बघावं लागेल.

केसरीनाथ : लाल टेपवाला काटा मी बाजूला टाकतो. उरलेल्या तिघांवर आळीपाळीनं चारी चाकं मोजतो, चौथ्याखाली तेवढीच जाड फळी देतो. दुपारपर्यंत जुळेल. पन ताई, तुला परत सीटवर बसायला लागंल. तासभर तरी.

आसावरी : बसते.

भाऊ : आसू.

आसावरी : अडवणार असाल तर आत्ता अडवा, भाऊ. बसल्यावर नको.

भाऊ : अडवावंसं वाटतंय. खूप वाटतंय. रविवारी ट्रॅकला किती वाजता निघणार?

आसावरी : पहाटे चारला. येताय?

भाऊ : नाही. मला बघवणार नाही. मी घरी बसेन. तिथे पोचलीस की फोन कर, आणि सगळं आटपून घरी निघालीस की कर. मधलं मला सांगू नकोस.