आनहुईचा जावई

माझं मूळ नगर जिल्ह्यातलं, नेवाशाच्या अलीकडं एक गाव आहे, गावाबाहेर मिशन कंपाउंड, त्या कंपाउंडात कौलारू खोल्यांची रांग, त्यातल्या शेवटच्या खोलीत माझा जन्म. वडील मिशनच्या दवाखान्याची जीप चालवायचे, आई बोर्डिंगात स्वैपाकाला. गावात आम्ही ख्रिस्ती म्हणजे चिमूटभर. पण सुखानं राहिलो, बरं का. पोळ्याला बैल आमच्याही दारी यायचे, आई त्यांना पुरणपोळी घालायची, ओवाळायची तेवढी नाही, आणि नाताळात आमच्या करंज्या अख्ख्या गावात जायच्या. हे आधी सांगून ठेवतो, कारण लोक मला विचारतात, चीनमध्ये तुला एकटं नाही का वाटलं, तर म्हणलं, थोडे असण्याची मला जन्मापासून सवय आहे, त्यात काय नवीन.

आता चीन कुठून आलं, तर नोकरीतून. नगरला डिप्लोमा केला, चाकणला एका जर्मन कंपनीत मेंटेनन्सला लागलो, आणि कंपनीनं तिकडं आनहुई नावाच्या प्रांतात नवीन प्लांट काढला, मशिनी बसवायला माणसं पाहिजेत, कोण जातं, तर मी एकटाच बिनलग्नाचा, पाठवला मला. आईनं फोनवर पहिला प्रश्न काय विचारला असेल, खायला काय मिळतं ते नाही, तिथं देऊळ आहे का? आम्ही चर्चला देऊळच म्हणतो घरात. म्हणलं आई, चीनमध्ये कुठलं आलंय देऊळ. आणि काय सांगू तुम्हाला, दुसऱ्याच रविवारी भाजीबाजाराच्या मागं वांगी घ्यायला गेलो तर गाण्याचा आवाज, चाल ओळखीची, आमच्या कंपाउंडात दर रविवारी म्हणायचो तीच चाल, शब्द सगळे चिनी. मी वांगी तिथंच ठेवली आणि आत शिरलो.

आत सगळ्या आज्या. विणलेल्या टोप्या घातलेल्या, प्रत्येकीची स्वतःची उशी बुडाखाली, स्वतःचा गरम पाण्याचा थर्मास, आणि गायला लागल्या की पत्रे हलतील. त्यांच्यात हा एवढा काळा उंच माणूस घुसला तर एकीनं हाताला धरून मला थेट पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदाच्या उभ्या पट्ट्या, तिकडं नव्या वर्षाला घरोघरी लावतात, वरती शुभेच्छा लिहितात, तर ह्यांच्या पट्ट्यांवर शास्त्रातली वचनं. मला तर हसूच आलं, म्हणलं हे तर आपल्यासारखंच झालं की, आम्ही नाही का येशूचं कीर्तन करतो आमच्या सणाला. रीत सगळ्या गावाची, मजकूर आपला.

त्याच देवळात मेई भेटली. म्हणजे ऑफिसात रोज दिसायची, जर्मन लोकांचं चिनी करून सांगायला होती ती, पण मला वाटायचं लई कडक बाई आहे. देवळात बघितली तर आज्यांना पुस्तकातली ओळ बोटानं दाखवत बसलेली. मी बघितलं, तिनं बघितलं, दोघांनी मान खाली घातली. पुढचं तुम्ही समजून घ्या. आल्झो, म्हणजे तर, वर्षभरात लग्नाचं बोलण्यापर्यंत आलं.

अडचण होती तिच्या वडिलांची. त्यांचं टोफूचं दुकान, टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर म्हणा. स्वतः ते देवळाच्या भानगडीत कधी पडले नाहीत, पण मेईची आई जायची, पोरीला न्यायची, त्यांनी कधी अडवलं नाही. मेई कॉलेजात असताना आई वारली. मग आजोबा गेले, वडिलांचे वडील, आणि तिथं बिनसलं. तिकडं रीत अशी की घरच्यांनी मयताच्या फोटोपुढं गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं, उदबत्ती लावायची, कागदाचे पैसे जाळायचे, म्हणजे ते वर गेलेल्याला पोचतात. मेई म्हणाली मी मान लववीन, फुलं वाहीन, रडीन, पण गुडघे टेकणार नाही, ते मी फक्त देवापुढं टेकते. सगळ्या भावकीसमोर. एकुलती एक पोर. तेव्हापासून वडील तिच्याशी बोलायचे बंद झाले. अगदीच बंद म्हणजे तसं नाही, फोनवर एवढंच विचारायचे, जेवलीस का? ती म्हणायची जेवले. मग फोन ठेवायचे. चार वर्षं बाप-लेकीत तेवढंच बोलणं, आणि मेई फोन ठेवला की न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची, मला लग्नानंतर कळलं ते.

तर मी मागणी घालायला गेलो. मेईनं वाटेत बजावलं, जास्त बोलू नकोस, सफरचंदं दे, चहा पी, हस. दुकानात गेलो तर वडील एवढ्याशा बुटक्या स्टुलावर बसलेले, सोयाबीन निवडत, आजूबाजूला गिऱ्हाईक, शेजारी, सगळे हा परदेशी बघायला जमलेले. आणि माझं काय झालं विचारा, मी कुणाच्याही घरी मोठं माणूस बघितलं की वाकतो, हात आपोआप जातो, आमच्यात पाळक म्हणजे पाद्री लोक नको म्हणतात, देवाशिवाय कुणापुढं वाकू नका म्हणतात, पण आमच्या आईनं ते कधी ऐकलं नाही, ती म्हणायची, वडीलधाऱ्याच्या पाया पडायला पाळकाची परवानगी कशाला. मी वाकलो. स्टूल इतकं बुटकं की पाय सापडेनात, अजून वाकलो, खाली फरशी टोफूच्या पाण्यानं ओली, बूट सटकला, दोन्ही गुडघे धाडदिशी खाली आणि कपाळ थेट त्यांच्या चपलेपाशी. हसू नका हो, लागलं होतं चांगलं.

पण दुकानात कुणी हसलं नाही. त्या लोकांनी काय बघितलं, तर परदेशी माणूस, देवळात जाणारा, जे पोरीनं आजोबांना केलं नाही ते ह्यानं भर दुकानात बापाला केलं. वडील उठले, तोंड लालबुंद, मला दोन्ही दंडांना धरून उभं केलं, गुडघ्यावरचं पाणी हातानं झटकलं, आणि आत ओरडले, बाटली आणा. लग्न ठरलं! मी खूष. मागं वळून बघतो तर मेई पांढरीफटक.

बसस्टॉपपर्यंत ती माझ्या पुढं दहा पावलं चालली. मग जी सुटली. ह्या गुडघ्यांसाठी मी बापाला पारखी झाले, आणि तू, ख्रिस्ती आईबापाचा, एका मिनिटात लोटांगण? म्हणलं अगं मी पाया पडलो, पूजा नाही केली, आम्ही जिवंत माणसाच्या पाया पडतो, काकाच्या पडतो, मावशीच्या पडतो, परीक्षेला जाताना शेजारणीच्या पण पडतो. ती म्हणाली, ते तुझ्या मनात, बघणाऱ्याच्या मनात काय? मी गुडघे चोळत बसलो.

प्रकरण देवळात गेलं. आज्यांनी मला मधे बसवलं, थर्मासचं पाणी दिलं, आणि त्यांच्यातली सगळ्यात थोरली, दात नसलेली, तिनं विचारलं, वाकलास तेव्हा त्यांच्याकडं काही मागितलंस का? म्हणलं हो, पोरगी मागितली. बाया इतक्या हसल्या की एकीच्या डोळ्याला पाणी आलं. थोरली म्हणाली, मग ती प्रार्थना नाही, ती मागणी झाली, सोडा त्याला. मेई पण हसली, नाईलाजानं. लग्न झालं त्याच देवळात, पण वडील काही आत आले नाहीत, बाहेर बाजारात बाकावर बसून राहिले आणि मग जेवायला आले.

कारण तोवर त्यांना समजलं होतं, हा पण मेईसारखाच. वसंतात तिकडं एक दिवस सगळे आपापल्या पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, आम्ही पण लग्नाआधी गेलो, मी गवत काढलं, दगड पुसला, पण कागद काही पेटवला नाही, गुडघे पण टेकले नाहीत. ते म्हणाले, जिवंतापुढं वाकतोस, मेलेल्यापुढं नाही? म्हणलं बाबा, नाही. हो, तिकडं पण बापाला बाबाच म्हणतात, तेवढं माझं सोपं झालं. उतरताना हळूच म्हणाले, मला मुलगा नाही, एक मुलगी, ती अशी, जावई असा, मी मेल्यावर मला जेवायला कोण घालणार? उपाशी बसून राहीन मी तिथं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आम्ही इतके दिवस समजत होतो म्हाताऱ्याचा मान दुखावलाय, मान कसला, भीती होती हो. पण देणार काय? खोटं कबूल करायचं नाही, आणि खरं सांगितलं तर त्यांना पटेना.

मग माझी बदली इकडं जर्मनीत झाली. कंपनी हेर्त्सोगेनआउराखला, आम्ही राहतो एर्लांगेनला, मेईला इथं मेडिकल मशिनींच्या कंपनीत काम लागलं, मी बसनं जातो, उन्हाळ्यात सायकलवर. मागच्या वर्षी आमची पोरगी शांती झाली. आईनं नाव ठेवलं, मेई म्हणाली चिनीत पण ह्याच अर्थाचं ठेवते, गेनाऊ, म्हणजे अगदी तेच, दोन्ही घरं खूष. तिच्या बाप्तिस्म्याला बाबांना बोलावलं, व्हिसा काढला, तीन महिन्यांचा. आले ते, पिशवीत सोयाबीन घेऊन! शांतीला एक मिनिट खाली ठेवेनात. पण बाप्तिस्म्याचं नाव काढलं की उठून सोयाबीन निवडायला बसायचे. शेवटी सांगून टाकलं, मी येणार नाही, आणि तुम्ही हे कराल तर मी लवकर परत जाईन, ही पण तुमच्यातली झाली तर माझ्या मागं कोणीच उरत नाही. मेई म्हणाली, बाबा, करणार. त्यांनी पिशवी भरायला घेतली. स्वैपाकघरात मेई कांदा चिरत होती आणि कांदा नसतानाही रडत होती, म्हणजे कांदा संपला तरी सुरी चालूच.

आदल्या दिवशी शनिवारी, घरात केकचा गोंधळ, बाबा फिरायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. फोन घरीच. आम्ही घाबरलो, शांतीला तिच्या ढकलगाडीत घातलं आणि निघालो शोधायला. बस थांबे बघितले, नदीकाठ बघितला, आणि आमच्या मागच्या रस्त्याला फ्रीडहोफ आहे, दफनभूमी, तिच्या फाटकातनं मेईला त्यांची टोपी दिसली.

बाबा नळापाशी उभे. तिथं झाऱ्या साखळीनं टांगलेल्या असतात, नाणं टाकलं की सुटतात, सुपरमार्केटच्या गाडीसारखं, आणि बाबा त्या झारीशी झटापट करतायत. मी नाणं टाकून सोडवून दिली, ती त्यांनी भरून घेतली. तर माझ्याकडं न बघताच मेईला म्हणाले, इकडं ये. चालत गेले. प्रत्येक कबरीवर क्रूस, बहुतेकींवर ताजी फुलं, दिवा, माती भुसभुशीत, एक आजीबाई गुडघ्यावर बसून फुलझाडं लावत होती. बाबा म्हणाले, हे सगळे तुमच्यातले? मेई म्हणाली, हो. मेलेले खातात असं मानतात का हे? नाही. मग ती म्हातारी रोज येते का? मेईनं आजीबाईला जर्मनमधून विचारलं, आजीबाई म्हणाली, मंगळवारी आणि शनिवारी, माझा नवरा आहे हा, पाणी नको का घालायला.

मेईनं हे चिनीत सांगितलं. बाबांनी वाकून त्या कबरीची माती बोटानं चाचपली. म्हणाले, मला गावात सांगितलं होतं, हे लोक आपली माणसं टाकून देतात.

मेई म्हणाली, बाबा, मी आईला टाकलं का? दरवर्षी मी गेले की नाही? गवत काढलं की नाही? तुम्ही धुराकडं बघत होतात, माझ्याकडं बघितलंच नाहीत. आणि तिथंच, त्या आजीबाईसमोर, धाय मोकलून रडली. मी शांतीची गाडी हलवत राहिलो, दुसरं काय करणार.

बाबांनी खिशातनं रुमाल काढून तिला दिला. मग म्हणाले, धूर नको. फुलं लाव. पांढरी शेवंती, लाल नको, लाल मला आवडत नाही. आणि वाळू देऊ नकोस. मेई म्हणाली, नाही देणार. तुझ्या मागं हिला शिकव, म्हणाले, गाडीकडं बोट करून. म्हणाली, शिकवीन. मग त्यांनी ती भरलेली झारी उचलली, बघितलं इकडंतिकडं, कोपऱ्यातली एक सुकलेली कबर शोधली, कुणाची काय माहीत, आणि सगळी झारी तिच्यावर रिकामी केली. येताना झारी परत अडकवून नाणं काढून मला दिलं, आठवणीनं. पक्का दुकानदार.

दुसऱ्या दिवशी बाप्तिस्म्याला आले, टाय लावून, पहिल्या बाकावर. शांती पाण्यानं रडली तर पाळकबाईंवर डोळे वटारले. विश्वास ठेवतात का, तर नाही, आणि आम्ही विचारत पण नाही. पिशवी मात्र परत कपाटावर गेली. व्हिसा आहे तोवर आहेत, मंगळवार-शनिवार त्या आजीबाईच्या कबरीला पाणी घालायला जातात, दोघांना एकमेकांचं एक अक्षर समजत नाही आणि तासभर बोलत बसतात. सकाळी मेई त्यांच्यापुढं वाटी ठेवते, ते विचारतात, तू जेवलीस का? आता ती फोन ठेवत नाही, समोर बसते, आणि ऑफिसात काय झालं, बॉस काय म्हणाला, सगळं सांगत सुटते. देव बाबांना लई मोठं आयुष्य देवो हो, ती पांढरी शेवंती लावायची आम्हाला अजिबात घाई नाही.