खालचं नाव

(जुन्या नाशकात भांड्यांवर नावं घालणाऱ्या सुमनबाईंनी सांगितलेलं, त्यांच्याच बोलीत)

माझं माहेर निफाडच्या अंगाला, खेडंच म्हना, बाप साखर कारखान्यात बॉयलरपाशी कामाला व्हता, आम्ही चार बहिनी, माझी शाळा झाली चौथीपर्यंत, पुढं नाय. अक्षर वळनदार हाय एवढं शाळेतल्या बाई म्हनायच्या, बाकी गनिताची बोंब. लगीन करून आले ती ह्या भांडी बाजारात, आन् तवापासून कानात हीच टकटक, काय सांगू तुम्हाला, माहेरी गेले की झोप यायची नाय, तिथली शांतता सोसायची नाय मला. आता बाजारात निम्मी दुकानं स्टीलची आन् नॉनस्टिकची झाली, टकटक कमी झाली, तर आता इथंबी झोप येत नाय. तुम्ही लिहा, मी मधीमधी उठंन, हल्ली मला एका जागी बसवत नाय, राग मानू नका.

आमचा धंदा म्हंजे भांड्यावर नाव घालायचं. तांबटानं भांडं घडवायचं, दुकानदारानं विकायचं आन् आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून त्याच्यावर नाव घालायचं. आधी सासरे बसायचे, मंग आमचे हे बसायला लागले. खाली गोनपाट, मांडीत भांडं, एका हातात छिन्नी, एका हातात बारकी हातोडी, टिंबाला टिंब लावत अक्षर उठवायचं. चि. सौ. कां. अमकी हिच्या लग्नात मामाकडून सप्रेम भेट. दिवसाला तीस तीस भांडी व्हायची लगीनसराईत, बोटं वळायची नाय संध्याकाळी. मंग ह्यांची साखर वाढली आन् नजर गेली. एका हंड्यावर नवरीच्या जागीबी नवऱ्याचंच नाव घातलं ह्यांनी, गिऱ्हाइकानं भर बाजारात तमाशा केला, हे मान खाली घालून बसले. मला ते बघवलं नाय. घरी येऊन जुन्या परातीवर छिन्नी चालवून बघितली, अक्षर तर चांगलं व्हतंच, दुसऱ्या दिवशी मी पायरीवर. सासूबाई म्हनल्या, बाईमानूस पायरीवर बसलं तर लोक काय म्हनतील. मी म्हनले, म्हनत म्हनत भांडी घेऊन येतील, दुसरं काय करतील.

आन् आले. बायका तर मुद्दाम माझ्याकडं यायच्या. सासू दुकानात भाव करीत असली की सून हळूच पायरीवर वाकायची, म्हनायची, मावशी, माझं माहेरचं नाव घालता का हो, लग्नात ह्यांनी बदललं ते नको, आईनं ठेवलेलं घाला. मी घालायचे. कोनाला इचारायचं नाय, घालायचं. आता तुम्हीच सांगा, घराच्या पाटीवर तिचं नाव नाय, सातबाऱ्यावर नाय, सगळ्या नाशकात तिचं नाव कुठं, तर त्या एका हंड्यावर. तवा मला हे असं सुचत नव्हतं बरं का, हे आत्ता आत्ता डोक्यात यायला लागलंय, आन् आलं की उठून बसावं लागतं.

धंद्याची दुसरी बाजू ऐका. घरात भांडनं झाली, वाटन्या झाल्या, कोनी मेलं की भांडी मोडीत यायची. त्यातलं चांगलं भांडं दुकानदार वितळायला देत नसायचा, आमच्याकडं द्यायचा, म्हनायचा नाव काढा. मंग आतून लोखंडाचा ठोकळा धरायचा, वरून हातोडीनं ठोकून ठोकून जुनं नाव सपाट करायचं आन् त्याच जागी नवीन घालायचं. सासऱ्यांची एक रीत व्हती. नाव काढायच्या आधी ते एकदा मोठ्यानं वाचायचे. पायरीवर कोनी असो नसो, वाचायचे, कपाळाला हात लावायचे आन् मंग हातोडी. मी इचारलं, मामंजी, हे कशाला. म्हनले, कोनाच्या तरी लेकीचं नाव हाय, पुसायच्या आधी हाक तर मारावी. पहिली चारपाच वर्षं मी पाळलं. मंग कामाचा रेटा वाढला, हे आंधळे, पोरी शाळेत, कोन वाचत बसतंय, दिसलं भांडं की घातला हातोडा.

तशात एक मानूस आला. परगावचा, जुन्या वस्तूंचा व्यापारी, गोड बोलनारा. तांब्याचं भलं थोरलं घंगाळ, जुन्या घडनीचं, आंघोळीचं पानी काढायचं, दोन्हीकडं कड्या. म्हनला, ह्याच्यावरचं नाव काढा आन् कागदावर हाय तसं घाला. कागदावर कोना सरदाराचं नाव, त्यानं इथं गंगेच्या, म्हंजे गोदावरीच्या घाटावर दान दिलं म्हनून, आन् खाली शके टाकलेला, पेशवाईतला. मला काय कळलं नव्हतं असं म्हनले तर जीभ झडंल माझी. मला सगळं कळलं व्हतं. जुनं नाव कोन्या बाईचं, लग्नातल्या भेटीचं व्हतं एवढं दिसलं, तीन ओळी व्हत्या, मी वाचलं नाय. ठोकलं, आन् सरदार बसवला. जुनाट दिसावं म्हनून खोल घातला. तो मानूस लय खूश झाला, म्हनला बाई, तुमच्या हातात इतिहास हाय. मी हसले. लाज वाटते आता सांगताना.

पुढं यंत्राची पेनं आली, दुकानदारच नाव घालायला लागले, हे वारले, पोरी आपापल्या घरी गेल्या, मी पायरी सोडली. आन् दोन वर्षांमागं देवसर मला शोधत आले. देवसर म्हंजे शाळेत इतिहास शिकवायचे, निवृत्त झालेत, त्यांनी दहाबारा जनांचं मंडळ काढलंय, जुनं नाशिक जपायचं म्हनून. कुठं जुनं घर पाडायला काढलं की ही मानसं पळत जातात, दाराच्या कड्या, फोटो, पत्रं, पाळन्याच्या साखळ्या, काय मिळंल ते उचलतात. त्यांच्यात शबाना म्हनून एक पोरगी हाय, कॉलेजात शिकते, तिच्या अब्बांचं गाद्या भरायचं दुकान हाय चौक मंडईत, ती फोटो काढते. सर म्हनले, सुमनबाई, आमच्याकडं शंभरेक भांडी गोळा झालीत, त्यांच्यावरची नावं वाचून कोनतं कुठल्या हाताचं ते सांगा. मी म्हनले, चौथी शिकलेली मी, मला काय इचारता. म्हनले, हे चौथीच्या पुढचं हाय, तुमच्याशिवाय कोनाला येत नाय. खोटं नाय सांगत, घरी येऊन रडले मी, आजपर्यंत कोनी असं म्हनलंच नव्हतं.

मंग दर गुरुवारी जायला लागले. सरांच्या घरामागं एक खोली, तिथंच सगळं रचून ठेवलेलं, पावसाळ्यात भिंतीला ओल, कागद वाळवत बसायचे. त्यांचा एकच ध्यास, बंद पडलेल्या पालिकेच्या शाळेतल्या दोन खोल्या मिळाव्यात, संग्रहालय व्हावं. त्यासाठी पालिकेचा एक मोठा साहेब बघायला येनार असं ठरलं. आन् त्याच्या आधी महिनाभर गंगापूर रोडच्या एका भल्या मानसानं मंडळाला एक वस्तू भेट दिली, त्यानं मोठ्या शहरातनं हौसेनं विकत आनलेली. सरांनी कापड काढलं. घंगाळ.

मी वाकून अक्षर बघितलं. छिन्नी माझीच व्हती हो. त्या वर्षी तिचं एक टोक उडालं व्हतं, दर टिंबाला बारकी शेपटी यायची, नवी आनायला जमत नव्हतं म्हनून तिच्यावरच वर्ष काढलं. सरदाराच्या एका एका टिंबाला ती शेपटी. सर त्याच्यावर हात फिरवून सांगत व्हते, शबाना फोटो काढत व्हती, सगळ्यांचे चेहरे असे की लेकराला बारशाला आनलंय.

तीन आठवडे पोटात धरून हिंडले. भाजी घ्यायला निघायची आन् पिशवी न घेताच रामकुंडापर्यंत जाऊन यायची. बोलावं तर खोल्या जातील, सरांची मान खाली जाईल, आन् मलाबी उद्यापासून कोन सुमनबाई म्हनून इचारनार. नाय बोलावं तर खोटं संग्रहालयात बसतंय, तेबी माझ्या हातचं. शेवटी आठ दिवस राह्यले तवा गेले, सरांना एकटं गाठून सांगितलं. सरांनी चष्मा पुसून डोळ्याला लावला. मंग म्हनले, सुमनबाई, एवढा कार्यक्रम होऊ द्या, मंग बघू. मी बरं म्हनले. सरांचा शब्द मी मोडला नसता, खरंच सांगते.

कार्यक्रमाच्या दिवशी मला नवी साडी, शाल, नारळ, शेवटची नाव घालनारी म्हनून सत्कार, आन् उभं केलं ते घंगाळाशेजारीच. साहेब चांगला मानूस व्हता, हळू बोलनारा. वाकून बघितलं त्यानं आन् मलाच इचारलं, आजी, किती सुंदर अक्षर हाय, कोनी घातलं असंल हो हे. मी सरांकडं बघितलं, सर जमिनीकडं बघत व्हते. आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं, मी घातलं. साहेब हसला, त्याला वाटलं आजी गंमत करतेय. मंग मी पिशवीतली तीच टोक उडालेली छिन्नी आन् हातोडी काढली, पुट्ठ्यावर दोन ठोके मारले आन् शेपटी दाखवली. ती छिन्नी मी बरोबर का नेली व्हती, तुम्ही इचारनारच, तर मला म्हाईत नाय. नेली व्हती.

खोल्या मिळाल्या नाय. मिळनारच नाय असं नाय, पन फाईल मागं पडली, आधी सगळ्या वस्तू तपासून घ्या म्हनून पत्र आलं. मंडळातले दोघंचौघं माझ्याशी बोलत नाय अजून. एक बाई तोंडावर म्हनल्या, म्हातारीला शाल पचली नाय. मी ऐकून घेतलं, त्यांचं काय चुकलं.

पाचव्या दिवशी सर माझ्या दारात. मला वाटलं आता बोलनार, म्हनून मीच आधी म्हनले, सर, गुन्हेगार हाय मी तुमची. सर म्हनले, चहा करा आधी. चहा झाला तशी त्यांनी इचारलं, सुमनबाई, सरदाराचं जाऊ द्या, खाली कोनाचं नाव व्हतं. आन् बघा, महिनाभर मी खोट्याची भीती घेऊन हिंडत व्हते, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. वाचलंच नव्हतं ना मी. पन्नास वर्षांमागं शेजारनीनं कोनती चोळी घातली व्हती ते सांगंन मी तुम्हाला, ते नाव नाय सांगता येत. सर गेल्यावर बसल्या जागी ओरडावंसं वाटलं.

तवापासून गुरुवारच नाय, रोज जाते. घंगाळाच्या आतनं बोट फिरवते, कारन तांबं कितीबी ठोकलं तरी जुन्या टिंबाची पुसटशी उंची आतल्या अंगाला राहते, डोळ्याला दिसत नाय, बोटाला लागते. शबाना आडवी बॅटरी धरते, मोबाईलवर मोठं करून बघते, म्हनते, आजी, इथं काना हाय का, मी म्हनते थांब, घाई करू नको. चिंच-मीठ लावून सगळा क्षार काढलाय आम्ही. तीन महिने झाले. वरची ओळ लागलीय, चि. सौ. कां. खालची लागलीय, हिच्या लग्नात आजोळची भेट. मधलं नाव लागत नाय. तिथंच मी सरदार घातला, सगळ्यात खोल, तिथलं तांबंच फाटून गेलंय आतनं. शबाना म्हनते, आजी, एखादी वेलांटी तरी सापडंल. सर आता घंगाळाखालची माहितीची पाटी बदलायला निघालेत, मला इचारत व्हते काय लिहू. मी म्हनले, नाव सोडून बाकी सगळं लिहा, आन् नाव कोनी पुसलं तेबी लिहा, माझ्या नावासकट.

तुम्ही छापनार ना हे, मंग एवढं छापाच. तुमच्या घरात कोन म्हातारं मानूस असंल तर इचारा, आपल्यात कोन्या लेकीला आजोळानं तांब्याचं घंगाळ दिलं व्हतं का, दोन कड्यांचं, ते कधी मोडीत गेलं का. नुसतं नाव कळवा मला. घालायला हात अजून चालतोय माझा. बाई, तू कोनाची कोन, मला म्हाईत नाय, असशील तिथं सुखी ऱ्हा, आन् माझ्यावर रुसू नको. एकदा नाव कळू दे फक्त, मोठ्यानं हाक मारीन मी तुला.