अर्धं मोहफूल

नागभीडच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या इंदुताईंच्या बाकावर लाकूड कातणारा एक म्हातारा खरादी आणि टोपलीवाली बाई बोलत होते. ताईंनी मान वळवली नाही, पण कान तिकडेच होता.

"लाकडाचं मोहफूल का हे, भाऊ?"

"शिवणीच्या लाकडाचं. खरादावर काढलं."

"वरून कसं गुळगुळीत! अन् खाली सालच राह्यली."

"खराद दोघाईचा असते, बाई. एकानं दोरी ओढाव, त्यानं लाकूड फिरते. दुसऱ्यानं पटाशी धराव."

"दोरी कोण ओढे?"

"माही घरवाली, गिरजा. तीस वर्सं."

"अन् आता?"

"पोळ्याले देवाघरी गेली. तवा हे फूल खरादावरच होतं."

"मंग बांबूले बांधा ना दोरी. वाकला का परत सरळ होते, तोच ओढते."

"बांधली ना. पंधरा फुलं काढले त्याच्यावर."

"मंग हेच काऊन अर्धं?"

"याले बांबूची दोरी नाई लावली."