हलगीवरची घोडी

चहा सांगा, पन माज्यापुढं घोड्याचा इषय काडू नगा.

वरातीला भाड्यानं द्यायला घोडी घ्यायची म्हनून मामांना घेऊन अकलूजच्या घोडेबाजारात गेलो. मामांना घोड्यातलं लई कळतं, असं मामाच सांगत्यात. एक पांढरी घोडी हलगीवर अशी नाचली, की मामा खुळेच झाले.

मी म्हनलं, "मामा, हलगी थांबवून जरा साधी चालवून बघू की."

"वरातीची घोडी हाय ती! साधी चालवून काय करतोस? घे!"

सौदा झाला. हलगी थांबली, घोडीबी थांबली. दावं ओढलं, गूळ दावला, जागची हालंना. घोडीवाला आरामात म्हनला, "हलगी वाजवा की! तिला तशीच सवय हाय."

आता आमच्या गावात, वळसंगात, रोज तिला पाण्यावर न्यायचं, तर म्होरं कुनीतरी पत्र्याचा डबा बडवत चालायचं. बाया दारात येऊन इचारत्यात, "कुनाची वरात म्हनायची?"

मामा शेजारीच ऱ्हात्यात, म्हनून डबा त्यांच्याकडं दिलाय. काल म्हनले, "हात भरून आलं रं. आज तू घे की डबा."

म्हनलं, "मामा, पारख तुमची हाय. वाजवा!"