गाडी उचलली

मी, तक्रारदारांची पत्नी, वय ६१ वर्षे, धंदा निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, तिसरा मजला, आज दुपारी पोलीस ठाण्यात आपणहून हजर राहून सांगते की, आमच्याकडे करड्या रंगाची एक मोटार आहे. ती माझ्या व पतीच्या अशा दोघांच्या नावावर आहे. आमची मुलगी बाळंत झाली असून उद्या सकाळी तिला व बाळाला दवाखान्यातून घरी आणायचे आहे.

गेल्या महिन्यापासून गाडीत स्टिअरिंगसमोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागत होता. मी पतींना म्हटले, "अहो, दिवा लागलाय." ते म्हणाले, "लागू दे. लागणं हेच त्याचं काम." पुढे त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली व "बघ, गेला" असे मला सांगितले. इशारा देणाऱ्याचे तोंड बांधायचे आणि सगळे आलबेल आहे म्हणायचे, अशाने राज्ये बुडाली आहेत, हे मी आयुष्यभर वर्गात शिकवले. हे वाक्य लिहायलाच हवे का, असे हवालदारांनी विचारले. हवे, असे मी सांगितले.

आज सकाळी पती फिरायला गेले असता मी गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याला सगळे पाना म्हणतात. पतींना आधी सांगितले नाही, कारण त्यांनी इंजिनाचे वकीलपत्र घेतले असते. पानाने पट्टी काढली व म्हणाला, "काकू, हा बिचारा कधीपासून हाका मारतोय!" प्रथम त्याने प्लग खराब असल्याचे छातीठोक सांगितले. मग मशीन जोडल्यावर धुराच्या नळीजवळच्या सेन्सरवर संशय आला व गाडी खालून बघावी लागेल असे ठरले. मी गाडी त्याच्या ताब्यात देऊन दवाखान्यात गेले. फोन पर्समध्ये होता, तो वाजलेला मला कळला नाही.

पती परतले तेव्हा गाडी जागेवर नव्हती. ती गॅरेजकडे जाताना लांबून पाहिल्याचे वॉचमनने सांगितल्यावरून त्यांनी पानाला फोन लावला. पुढील बोलणे दोघांनीही मला इथे एकाच वेळी ओरडून सांगितले, ते असे:

"माझी गाडी तुझ्याकडे आहे?"

"हो काका, मघाशीच उचलली."

"उचललीस? कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? उचलल्याशिवाय हातच घालता येत नाही. आता पार्ट सोडवायला घेतलेत."

एवढे ऐकून पतींनी चोरीची तक्रार दिली व पानाला ऑइलने काळ्या झालेल्या हातांनिशी इथे आणून बसवण्यात आले. गाडी काकूंनी दिली असे तो सांगत होता, पण खात्रीसाठी केलेले फोन मी घेतले नाहीत; ते दिसताच मी दवाखान्यातून थेट इथे आले.

गाडी मी दिली. पाना चोर नाही. गाडी या क्षणी त्याच्या लिफ्टवर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर आहे. दोष सेन्सरच्या वितळलेल्या वायरीत निघाला, ती अर्धी सोडवलेली आहे व गॅरेजमध्ये दुसरा कारागीर नाही. पाना इथे बसून राहिला तर उद्या माझी नात घरी कशातून येणार, याचे उत्तर मला पतींकडून हवे होते.

पती पानाला म्हणाले, "अरे, लिफ्टवर चढवली म्हणायचं!" पाना म्हणाला, "काका, मी रोज गाड्या उचलतो!" हे वाक्य पोलीस ठाण्यात एवढ्या मोठ्याने बोलू नये, असे हवालदारांनी त्याला समजावले.

पतींनी तक्रार मागे घेतली आणि पानाची सर्वांदेखत माफी मागितली. नंतर म्हणाले, "चल, तुला गॅरेजवर सोडतो." पाना म्हणाला, "कशातून, काका?" दोघेही पायी गेले. ती वायर मला दाखवशील ना, असे पती त्याला दारातून विचारत होते.

माझे म्हणणे मला मोठ्याने वाचून दाखवले. वाचताना हवालदार दोनदा हसून थांबले, परंतु त्यामुळे मजकुरात फरक पडलेला नाही. तो माझ्या सांगण्याबरहुकूम व खरा आहे.