पेरूची पाटी

बाळाला खांद्यावर थोपटत एक आई दवाखान्याच्या रांगेत उभी होती. पुढे नणंद-भावजयीच्या गप्पा चालल्या होत्या.

"वहिनी, गल्लीसाठी लावलेल्या झाडाचे पेरू खाली सडतायत की हो!"

"माझंच चुकलं. 'फुकट घ्या' अशी पाटी लावली. काम सुटलेली आपल्या गल्लीतली शिवणवाली पाटी वाचून पोरांना ओढत पुढे न्यायची, फुकटचं नको म्हणून. पोरं मान वळवून झाडाकडे बघायची गं."

"मग?"

"काल पाटी बदलली. 'ओझ्याने फांद्या मोडतायत, मदत करा.'"

"आणि आली ती?"

"सकाळीच! पोरांना घेऊन पिशवीभर उतरवले. वर मलाच दम, 'आजी, वेळेवर हाक मारायला काय होतं तुम्हाला?'"

"बाई गं! तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, चुकलं बाई. उद्या पलीकडचंही झाड बघशील का?"