मोठ्या सिस्टरांचं माप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि मुलांच्या वॉर्डाचे आपले मोठे डॉक्टर, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होऊनही मघापासून खिडकीवरच्या धुळीकडेच बघत बसलेल्या आपल्या मोठ्या सिस्टर, आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

मी शिंपी माणूस. तोंडात टाचण्या धरायची सवय, त्यामुळे बोलायची वेळ कमीच येते. तरी मला उभं केलंत, आता सोसा.

माझ्या मुलीला कॅन्सर झाला तेव्हा ती पहिलीत होती. आमचं अख्खं घर उठून या वॉर्डात आलं. बायको उशाशी, मी दाराशी आणि माझी आई बाहेरच्या बाकावर. पण रिकामं बसणं आईला कधी जमलंय? आत जाताना घालायचा हिरवा गाऊन तिच्या पायात यायचा. एका दुपारी शेजारी धुऊन आलेला गठ्ठा दिसला. आईने पिशवीतून सुईदोरा काढला आणि गाऊन आपल्या मापाचा करून टाकला. एक नाही हो, सगळा गठ्ठा! नातीच्या काळजीने हात थांबेनात, त्याला ती तरी काय करणार?

दुसऱ्या दिवशी आपले अध्यक्ष राउंडला आले. डॉक्टरसाहेब, सांगू ना? बाह्या कोपरापर्यंत, घेर गुडघ्याच्या वर, चेहरा मात्र नेहमीसारखाच गंभीर. तेव्हा माझी मुलगी औषधांनी इतकी थकली होती, की बोलणंच सोडलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडायची. ही हातची जाते की काय, हे आम्ही एकमेकांना विचारतही नव्हतो. तिने डॉक्टरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, काकांना पण तुझंच माप?" आणि हसली. आम्ही सगळे रडलो.

सिस्टर आईला बाहेर घेऊन गेल्या. म्हटलं, गुंडाळा आता गाशा. तर त्यांनी मुलांच्या कपड्यांचा ढीग आईच्या मांडीवर आदळला. "आजी, हाताला चैन नाही ना? हे घ्या. पोरं वाळलीत, कपडे खांद्यावरून गळतात. आणि आधी डॉक्टरांचे गाऊन उसवा!" उपचार संपेपर्यंत आम्ही तिघं त्या बाकावर आळीपाळीने शिवत होतो. हाताला काम होतं म्हणून आम्ही मोडलो नाही, सिस्टर. तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं.

आज तुम्हाला आमच्या हातचा कोट द्यायचं ठरलं. पण माप? तुम्ही कसल्या देताय! शेवटी मुलगी म्हणाली, "मी आणते." उपचारात सुई टोचून घेताना ती तुम्हाला मिठी मारायची, तेव्हा तिचे हात तुमच्या पाठीपर्यंतही पोचत नसत. परवा तपासणीला आली, सगळं ठीक निघालं, आणि तिने तुम्हाला घट्ट धरलं. तुम्ही रागावलात, "सोड गं, कामं पडलीत." ती हातांचं कडं तसंच धरून बसमधून घरी आली. लोक बघत होते, पण पठ्ठीने हात हलवले नाहीत. आईने टेप लावली. या वेळी हात तुमच्या पाठीमागे जुळून वर बोटं उरली होती.

सिस्टर, तुम्ही आहात तेवढ्याच आहात. आमची पोरगी वाढली.

सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. कोट कुठे घट्ट वाटला तर मात्र लगेच सांगा, आई पिशवी घेऊनच बसली आहे. डॉक्टरसाहेब, तुम्ही तेवढे आपले कपडे सांभाळा.